राणाला आणलं की दिलं?

१० एप्रिल २०२५. संध्याकाळी मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला घेऊन येणारं विमान दिल्लीत उतरलं आणि आमच्या टीव्हीवर पट्ट्या धावायला लागल्या. एका वाहिनीवर ‘राणाचे प्रत्यार्पण’, दुसरीवर ‘भारताने राणाला आणले’, तिसरीवर चक्क ‘अमेरिकेतून राणा हद्दपार’. आत्या गवार मोडत बसली होती. शेंगेची शीर ओढता ओढता म्हणाली, “हद्दपार म्हणजे हाकलून देतात ना रे? मग याला त्यांनी हाकललंय की आपण बोलावलंय?” मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात पुढचा प्रश्न आला. “आणि याला आणता येतं, तर त्या मल्ल्याचं काय घोडं अडलंय?”

पहिला प्रश्न भाषेचा, दुसरा कायद्याचा. गंमत अशी की पहिल्याचं उत्तर नीट दिलं की दुसऱ्याचं अर्धं उत्तर हाताला लागतं.

## आधी शब्द सोडवून बघू

प्रति म्हणजे उलट, परत. अर्पण म्हणजे देणं. दोन्ही मिळून परत देणं. शब्द चांगला जुना आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात मुलगी सासरी निघाल्यावर कण्व म्हणतो, माझं मन ‘प्रत्यर्पितन्यास’ माणसासारखं मोकळं झालं. न्यास म्हणजे विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली ठेव. ती धन्याला परत केली की कसं हलकं वाटतं, तसं. मुलीला ठेव म्हणणं आज खटकेल, पण शब्दाचा व्यवहार त्यातून स्वच्छ दिसतो: जो मागणारा धनी आहे, त्याला देणं.

इंग्रजी ‘एक्स्ट्रडिशन’च्या पोटातही हेच आहे. लॅटिनमध्ये ‘ट्रडिशिओ’ म्हणजे हाती सोपवणं. आपण रोज वापरतो तो ‘ट्रॅडिशन’ शब्द त्याच घरातला. आजीने सुनेच्या हाती सोपवलेली पुरणाची रीत आणि एका देशाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेला आरोपी, दोघांचं कूळ एक.

आता शुद्धलेखनाची भानगड. प्रति + अर्पण यांचा संधी केला तर इ + अ मिळून ‘य’ होतो, ‘या’ नाही. प्रति + अक्ष = प्रत्यक्ष, तसं प्रति + अर्पण = प्रत्यर्पण. प्रत्याघातात ‘त्या’ येतो कारण मूळ शब्द ‘आघात’ आहे. ‘आर्पण’ असा शब्द नाही. हिंदीवाले इमाने इतबारे ‘प्रत्यर्पण’ लिहितात. मराठी वर्तमानपत्रांनी मात्र ‘प्रत्यार्पण’ असा काना देऊन टाकला आणि तो आता इतका रुळलाय की काना काढून लिहिलं तर वाचकालाच छपाईची चूक वाटते. मी बरीच वर्षं हा काना खोडत होतो. आता हात टेकलेत. या लेखातही ‘प्रत्यार्पण’च लिहितोय. पण व्याकरणाचा पेपर देणाऱ्या मुलांनी माझ्या भरवशावर राहू नये.

कान्यापेक्षा मोठी चूक कर्त्याची होते. ‘भारताने राणाचे प्रत्यार्पण केले’ हे वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल. ते उलटं आहे. प्रत्यार्पण म्हणजे देणं, दिलं अमेरिकेने. भारताने मागणी केली, भारताकडे प्रत्यार्पण झालं, भारताने प्रत्यार्पण मिळवलं, यातलं काहीही चालेल. पण ‘भारताने केले’ म्हटलं की आपण राणाला कुणालातरी देऊन टाकल्यासारखं होतं. ही नुसती मास्तरकी नाही. पुढे अटी, आश्वासनं, वर्षानुवर्षांची दिरंगाई असं जे काही येणार आहे, ते सगळं ‘कर्ता कोण’ या एका प्रश्नातून निघतं.

## हद्दपार, तडीपार आणि बाकीचे चुलत शब्द

राणा येण्याच्या दोनच महिने आधी, ५ फेब्रुवारी २०२५ ला, अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. आत १०४ भारतीय होते, त्यातले तिघे महाराष्ट्रातले. कागदपत्रांविना अमेरिकेत शिरलेले हे लोक. त्यांना भारताने मागितलं नव्हतं. अमेरिकेला ते नको होते, म्हणून तिने पाठवून दिले. याला म्हणायचं हद्दपारी, किंवा साधं परत पाठवणं.

म्हणजे तेच दोन देश, त्याच दिशेने येणारी विमानं, पण व्यवहार वेगळे. हद्दपारीत घरमालक म्हणतो, “तू माझ्या घरात नको.” पुढे तू कुठे जातोस, तिथे तुझं काय होतं, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. प्रत्यार्पणात बाहेरचा कुणी दारात उभा राहून म्हणतो, “तुमच्या घरात लपलाय तो माझा आरोपी आहे, मला द्या.” हद्दपारीसाठी गुन्हा लागतच नाही, व्हिसा संपला तरी पुरतं. प्रत्यार्पणाला गुन्ह्याचा आरोप किंवा झालेली शिक्षा, आणि रीतसर मागणी, दोन्ही हवंच. आत्याचा पहिला प्रश्न इथे सुटला. राणाला हाकललं नाही, मागितल्यावर दिलं.

तडीपार हा तर आपला घरचा शब्द. तड म्हणजे काठ, कडा. काम ‘तडीस नेणं’ म्हणजे पैलकाठाला लावणं, आणि गुंडाला ‘तडीपार’ करणं म्हणजे त्याला काठापलीकडे घालवणं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली एखाद्याला जास्तीत जास्त २ वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर काढता येतं. ठाण्याचा दादा तडीपार होऊन नाशकात चहाची टपरी टाकू शकतो. देशाची सीमा इथे येतच नाही.

आणखी दोन शब्द आपल्या बातम्यांत गल्लत करतात. पुण्याच्या गुन्ह्यातला आरोपी पाटण्यात पकडला, तर पोलीस तिथल्या न्यायालयातून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे प्रवासापुरती कोठडी, घेऊन त्याला आणतात. देश एक, कायदा एक, म्हणून तिथे ‘ताबा घेतला’ एवढंच म्हणावं. आणि परदेशात शिक्षा भोगणारा भारतीय कैदी उरलेली शिक्षा मायदेशी भोगायला येतो, ते कैद्याचं हस्तांतरण. त्यासाठी २००३ चा वेगळा कायदा आहे. तिथे बहुतेकदा कैद्यालाच यायचं असतं. प्रत्यार्पणात असा हौशी प्रवासी क्वचितच भेटतो.

## चेंडू जोशीकाकूंच्या गॅलरीत

पण मागायचं कशाला? आपले पोलीस जाऊन उचलून का आणत नाहीत?

चाळीत क्रिकेट खेळलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागू नये. चेंडू तुमचा आहे, तुमच्या पैशाने आणलाय, तरी जोशीकाकूंच्या गॅलरीत पडला की बेल वाजवावी लागते. गॅलरी त्यांची. कठड्यावरून उडी मारून आणलात तर उद्या चेंडूपेक्षा मोठं भांडण उभं राहतं. देशाच्या हद्दीत पोलिसी अधिकार त्या देशाचाच, दुसऱ्या देशाचा हवालदार तिथे पर्यटक असतो.

बेल वाजवण्याची पद्धत ठरलेली आहे. तपास यंत्रणा कागद तयार करते, ते गृह खात्यातून परराष्ट्र मंत्रालयाकडे, तिथून दूतावासामार्फत समोरच्या सरकारकडे जातात. मग तिथल्या न्यायालयात सुनावणी. न्यायालयाने हो म्हटलं तरी काम संपत नाही, शेवटची सही तिथल्या मंत्र्याची. बँकेचा लॉकर जसा दोन किल्ल्यांनी उघडतो, एक तुमची आणि एक बँकेची, तसं हे कुलूप आहे. एक किल्ली न्यायालयाकडे, दुसरी सरकारकडे. दोन्ही फिरल्याशिवाय दार हलत नाही.

आपल्याकडे यासाठी १९६२ चा प्रत्यार्पण कायदा आहे, आणि सुमारे ४८ देशांशी करार आहेत. करार नसला तर अडतंच असं नाही, ‘आज तुम्ही द्या, उद्या आम्ही देऊ’ अशा परस्पर भरवशावरही काम होतं. पाकिस्तानशी मात्र करार नाही, भरवसा तर त्याहून नाही. दाऊद आमच्याकडे नाहीच, असं तिथलं सरकार सांगत आलंय. ज्या घरातून “चेंडू आलाच नाही” असं उत्तर येतं, तिथे बेल किती वेळ दाबणार?

इथेच ‘रेड कॉर्नर नोटीस’चा गैरसमज काढून टाकू. बातमी येते, ‘इंटरपोलने नोटीस काढली’, आणि आपल्याला वाटतं इंटरपोलचे पोलीस आता धरणार. इंटरपोलकडे धरणारे पोलीस नाहीत. ती देशोदेशींच्या पोलिसांना जोडणारी संस्था आहे, मुख्यालय फ्रान्समधल्या लियाँला. रेड नोटीस म्हणजे सोसायटीच्या फलकावर लावलेला कागद: हा माणूस दिसला तर कळवा, शक्य तर अडकवून ठेवा, आम्ही मागणार आहोत. अटक करायची की नाही हे ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो.

## देणारा काय काय विचारतो

पहिला प्रश्न: तुम्ही म्हणता तो गुन्हा आमच्याकडेही गुन्हा आहे का? समजा एखादा माणूस भारतातला अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला चुकवून लंडनला गेला. आपल्याकडे या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद आहे. इंग्लंडने मात्र बदनामी हा फौजदारी गुन्हा २०१० पासून रद्दच केलाय, तिथे फार तर नुकसानभरपाईचा दावा होईल. म्हणजे तो माणूस परत मिळणं कठीण. मात्र गुन्ह्याचं नाव दोन्हीकडे तंतोतंत जुळायला हवं असं नाही, कृत्य जुळलं पाहिजे. परदेशस्थ जावयांच्या प्रकरणात हे समजून घेण्यासारखं आहे. ‘हुंडा’ हा शब्द इंग्लंडच्या दंडविधानात सापडणार नाही, पण मारहाण, धमकी, पैशासाठी छळ हे तिथेही गुन्हेच. तक्रारीत नुसतं कलम लिहिण्यापेक्षा नेमकं काय घडलं ते तारखेनिशी लिहिलेलं असेल तर पुढे उपयोगी पडतं, ते यामुळे.

दुसरा: हा माणूस आमचाच नागरिक आहे का? फ्रान्स आपला नागरिक युरोपाबाहेर देत नाही, ब्राझील जन्माने ब्राझिलियन असलेल्याला देत नाही. पोर्तुगालच्या संविधानातही यावर कडक अटी आहेत, ज्या गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या कुटुंबांना लागू पडतात. अशा वेळी जुना कायदेशीर दंडक असा की देत नसाल तर तुम्ही स्वतः खटला चालवा.

तिसरा: याच गुन्ह्यासाठी आमच्याकडे एकदा निकाल लागलाय का? राणाने सगळा भर यावर दिला होता. २०११ मध्ये शिकागोच्या ज्युरीने त्याला लष्कर-ए-तय्यबाला मदत आणि डेन्मार्कमधला कट यांत दोषी धरलं, पण मुंबई हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून सोडलं. पुढे १४ वर्षांची शिक्षा झाली. त्याचं म्हणणं, मुंबईबद्दल मी एकदा सुटलोय, पुन्हा खटला कसा? अमेरिकी न्यायालयांनी सांगितलं की करारात ‘तोच गुन्हा’ असं आहे, ‘तीच घटना’ असं नाही. भारताने लावलेल्या आरोपांत जे सिद्ध करावं लागेल, ते शिकागोत सिद्ध करायचंच नव्हतं. राणाच्या इमिग्रेशन कंपनीचं ऑफिस मुंबईत ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये थाटून त्याच्या आडून त्याचा जुना मित्र डेव्हिड हेडली याने हल्ल्याआधी शहराची टेहळणी केली, हा आरोप घ्या. त्यातला बनावट कागदपत्रांचा भाग हा भारताचा वेगळा मुद्दा आहे. जून २०२० मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा अटक, मे २०२३ मध्ये पहिला होकार, जानेवारी २०२५ मध्ये राणाच्या शेवटच्या अर्जाला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा नकार, आणि मग विमान. जवळजवळ ५ वर्षं.

हेडलीचं काय, असं लगेच मनात येतं. त्याने अमेरिकी सरकारशी सौदा केला: गुन्हा कबूल करतो, सगळं सांगतो, पण भारताला देऊ नका. त्याला तिथेच ३५ वर्षांची शिक्षा झाली. देणाऱ्याने आधीच ‘देणार नाही’ असा शब्द देऊन टाकला होता.

चौथा प्रश्न सगळ्यात चिडवणारा: तुमचं तुरुंग कसं आहे? विजय मल्ल्याच्या सुनावणीत लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयाने मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ चं चित्रीकरण मागवलं. तेही कसं, तर भर दुपारी, कृत्रिम दिवे न लावता, दारापासून आत पावलोपावली, म्हणजे खिडकीतून उजेड खरंच येतो की नाही ते कळावं. आपल्या अधिकाऱ्यांनी ते करून पाठवलं. मग हीच बराक नीरव मोदीच्या प्रकरणात लंडनलाच पुन्हा पाहिली गेली, आणि २०२५ मध्ये मेहुल चोक्सीसाठी बेल्जियमला दिलेल्या आश्वासनात तिचंच नाव आलं, माणशी किमान ३ चौरस मीटर जागेच्या हमीसह. राज्यात एवढी तुरुंगं, पण युरोपातल्या न्यायाधीशांना पाठ आहे ती एकच खोली.

## आरोपीचे एवढे लाड?

वाचणाऱ्याचा राग मला समजतो. हजारो कोटी बुडवणाऱ्याच्या खिडकीतला उजेड मोजायचा, आणि त्याच तुरुंगात मोबाइल चोरून आलेला पोरगा दाटीवाटीत झोपणार. पण यात परक्या न्यायालयाचा दोष मला दिसत नाही. युरोपातल्या मानवी हक्कांच्या करारानुसार अमानुष वागणुकीचा खरा धोका असेल तिथे माणूस पाठवणं हाच त्या देशाकडून कराराचा भंग ठरतो. पुरुलिया शस्त्रास्त्र प्रकरण (डिसेंबर १९९५, पश्चिम बंगालमध्ये विमानातून शस्त्रं टाकली होती ते) आठवून बघा. त्यातल्या डॅनिश आरोपीला डेन्मार्कच्या न्यायालयांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये भारताला द्यायचं नाकारलं. कारण हेच, कोठडीत छळ होण्याची भीती. आपल्या कोठड्यांची कीर्ती आपल्या आधी पोहोचते. तिचा फायदा फरार माणसाचा वकील उचलतो. राग धरायचाच तर कोठडीवर धरावा.

दुसरा आक्षेप असतो की लंडनचं न्यायालय कोण आमच्या आरोपीचा निवाडा करणार? ते करतच नाही. दोषी की निर्दोष हे तिथे ठरत नाही. सकृतदर्शनी प्रकरण आहे का आणि पाठवायला अडथळा आहे का, एवढंच बघतात. खटला शेवटी मुंबईतच चालतो.

## सालेमची २५ वर्षं

अटी म्हणजे काय ते बघायचं असेल तर अबू सालेमसारखं उदाहरण नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला हा आरोपी सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला सापडला. तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात करार नव्हता. त्यातून पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्ये आणि जन्मठेप १८८४ मध्येच मोडीत काढलेली. तिथे कमाल कैद २५ वर्षं. जी शिक्षा आम्ही आमच्या कुणाला देत नाही, ती मिळण्यासाठी माणूस तुमच्या हाती कसा देऊ, हा त्यांचा सरळ सवाल.

तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी डिसेंबर २००२ मध्ये लेखी शब्द दिला: फाशी होणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त काळ तुरुंगात ठेवणार नाही. त्या शब्दावर नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम मुंबईत आला.

पुढे भांडण झालं ते वेगळ्याच अटीवर. कायद्यात तिला विशिष्टतेचा नियम म्हणतात, आपल्या कायद्याच्या कलम २१ मध्ये ती आहे. ज्या गुन्ह्यांसाठी मागून घेतला, त्यांचाच खटला चालवायचा. माणूस हातात आल्यावर जुनी खाती उकरून काढायची नाहीत. जोशीकाकूंनी चेंडू दिला तो “अंडरआर्मच खेळणार” या बोलीवर. सालेमवर मुंबईत जादा कलमं लागली तेव्हा त्याने थेट लिस्बन गाठलं, म्हणजे त्याच्या वकिलाने. २०११ मध्ये तिथल्या न्यायालयाने, भारताने अट मोडली म्हणून, प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द केली. माणूस तर आर्थर रोडला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो निकाल इथे बंधनकारक नाही, सालेम काही परत जाणार नाही. पण सीबीआयने काही जादा आरोप मागे घ्यायची परवानगी मागितली आणि २०१३ मध्ये ती मिळाली. काकूंना पुढच्या वेळीही बेल वाजवायची आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

२०१७ मध्ये टाडा न्यायालयाने बॉम्बस्फोट खटल्यात शिक्षा सुनावल्या. दोघांना फाशी, सालेमला जन्मठेप. आपल्याकडे जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. मग २५ वर्षांच्या शब्दाचं काय? शब्द सरकारने दिला, शिक्षा न्यायालयाने. न्यायालय कसं बांधलं जाईल? सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२२ ला यातून वाट काढली. शिक्षा जन्मठेपेचीच राहील, पण १२ ऑक्टोबर २००५ पासून २५ वर्षं पूर्ण झाली की सरकारने आपला शब्द पाळून त्याच्या सुटकेची पावलं उचलायची. स्फोटांत ज्यांनी घरचं माणूस गमावलं त्यांना हे गिळणं अवघड आहे, आणि त्यांना कुणी कायद्याची पुस्तकं दाखवू नयेत. तरी दुसरा पर्याय काय होता तेही पाहायला हवं. शब्द दिला नसता तर सालेम खटल्याला उभाच राहिला नसता.

## कठड्यावरून उडी मारली तर

रीत मोडून माणूस हाती आला, तर तो ठेवता येतो का? हा प्रश्न जगापुढे गाजला तो एका मराठी माणसामुळे.

मार्च १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांना लंडनला अटक झाली. त्यांना मुंबईला पाठवायचं ठरलं, पण ते प्रत्यार्पण नव्हतं. दोन्ही मुलुख ब्रिटिश अंमलातले, म्हणून १८८१ चा फरारी गुन्हेगार कायदा लावला, म्हणजे आजच्या ट्रान्झिट रिमांडसारखाच घरातल्या घरातला ताबा. ‘मोरिया’ बोट मार्सेल बंदरात थांबली असताना ८ जुलै १९१० च्या सकाळी सावरकर झरोक्यातून समुद्रात उतरले, पोहत धक्क्याला लागले आणि पळत सुटले. आता ते फ्रान्सच्या भूमीवर होते. त्यांना परत न्यायचं तर ब्रिटनने फ्रान्सकडे रीतसर मागणी करायला हवी होती, आणि गुन्हा राजकीय आहे म्हणून फ्रान्सला नाही म्हणता आलं असतं. झालं भलतंच. एका फ्रेंच पोलिसानेच त्यांना पकडून बोटीवर नेऊन दिलं.

फ्रान्सने पुढे सावरकर परत मागितले आणि वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल आजही वकील वाचतात: पकडून देण्यात अनियमितता झाली खरी, पण त्यामुळे ब्रिटनने कैदी परत करावा असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. देणाऱ्याने चुकून दिलं, तरी दिलं ते दिलं. निकाल येईपर्यंत मुंबईत जन्मठेपेच्या दोन शिक्षा सुनावूनही झाल्या होत्या.

## मल्ल्याचं घोडं

आता आत्याचा दुसरा प्रश्न. मल्ल्याच्या लॉकरच्या दोन्ही किल्ल्या फिरल्या आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने हो म्हटलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी सही केली, एप्रिल २०२० मध्ये अपील फेटाळलं गेलं, मे २०२० मध्ये पुढच्या अपिलाची परवानगीही नाकारली. त्यानंतर ब्रिटिश सरकारने सांगितलं की एक गोपनीय कायदेशीर बाब निकाली निघायची आहे, ती झाल्याशिवाय पाठवता येत नाही. त्याने आश्रयाचा अर्ज केला असावा असा सर्वांचा अंदाज आहे. आश्रयाची मागणी प्रलंबित असताना माणसाला हलवत नाहीत.

मधल्या काळात सरकारने दुसरी वाट धरली. २०१८ मध्ये फरार आर्थिक गुन्हेगारांसाठी कायदा झाला: घोटाळा १०० कोटी किंवा त्याहून मोठा, आणि माणूस परत यायला तयार नसेल, तर त्याची मालमत्ता जप्त करायची. त्याखाली फरार ठरलेला पहिला माणूस मल्ल्याच. माणूस हाती आला नाही, पण त्याची मालमत्ता विकून बँकांना १४ हजार कोटींहून जास्त परत मिळाल्याचं अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं. आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग राहू दे की त्याला तिकडेच. इकडे आणून परत जेवायला घालायचं.”

नोव्हेंबरात तिचा फोन आला. ढाक्यातल्या न्यायाधिकरणाने १७ नोव्हेंबर २०२५ ला बांगलादेशच्या माजी पंतप्रधान शेख हसीना यांना गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली होती. त्या ऑगस्ट २०२४ पासून भारतात आहेत. बांगलादेशने डिसेंबर २०२४ मध्येच त्यांना मागितलंय, दोन्ही देशांत २०१३ चा करार आहे. त्या करारात राजकीय गुन्ह्यासाठी नकार देता येतो, पण खुनाला राजकीय म्हणता येत नाही. शिवाय आरोप न्यायाच्या हेतूने प्रामाणिकपणे केलेला नसेल तरी नकार देता येतो. मी हे सगळं तिला भराभर सांगत होतो. तिने मध्येच तोडलं.

“थांब जरा. म्हणजे या वेळी बेल त्यांनी वाजवलीय, आणि जोशीकाकू आपण?”

“हो.”

“आणि आपण काय सांगितलं?”

“मागणी तपासतोय म्हणून.”

“काकूपण असंच म्हणायच्या,” आत्या म्हणाली. “बघते हं, कुठे पडलाय ते.”